बरणीभर क्वार्टर, प्रत्येकावर वेगळं चित्र: जपायचं कोणतं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे भलत्याच गोष्टीचं उत्तर द्यायला नको. तुमचे मेहुणे न्यू जर्सीहून कायमचे परत आले आणि त्यांनी तुमच्या मुलीला क्वार्टरनी, म्हणजे पाव डॉलरच्या नाण्यांनी, भरलेली बरणी दिली. मुलीने ती सतरंजीवर ओतली, तर मागच्या बाजूला कुठे घोडेस्वार, कुठे गाय, कुठे वटवाघूळ, कुठे बायका. पुढच्या बाजूला वॉशिंग्टन काही नाण्यांवर डावीकडे पाहतोय, काहींवर उजवीकडे. दोन-तीन नाण्यांवर चक्क १७८७ हे साल आहे. शिवाय सगळीच नाणी मागून उलटी छापलेली वाटतात. त्यात व्हिडिओवाले सांगतात की अशा एकेका नाण्याला लाखो रुपये मिळतात. तर ही नाणी खरी आहेत का, आणि यातलं ठेवायचं काय?

खरी असणार. मेहुण्यांना ती दुकानातून सुट्टे म्हणूनच मिळाली असतील. शंका असली तर फ्रिजवरचं लोहचुंबक लावून बघा. क्वार्टर तांबं आणि निकेलचा असतो, तो चिकटत नाही. (आपली गेंड्याची २५ पैशांची नाणी घरात असतील तर तीही लावून बघा, ती पोलादाची आहेत, पटकन चिकटतात. मुलीला गंमत वाटेल.)

खरी अडचण दुसरीच आहे. चित्र वेगळं म्हणजे नाणं दुर्मीळ, असं तुम्ही धरून चालला आहात. आपल्याकडे या समजाला थोडा तरी आधार आहे, कारण नेहमीच्या नाण्यांत एखादं वेगळं दिसलं की ते बहुधा कुणाच्या तरी जयंतीचं वा कसल्यातरी महोत्सवाचं स्मारक नाणं असतं. क्वार्टरच्या बाबतीत १९९९ पासून वेगळं चित्र हाच नेम आहे. चित्रावरून नाणं कोणत्या मालिकेतलं ते कळतं. किंमत मात्र बहुतेक वेळा चित्राबाहेर असते: कडेत, सालात आणि एका बारीक इंग्रजी अक्षरात.

आधी डाव्या-उजव्या वॉशिंग्टनचं बघू. तुमच्या यादीतली ही सगळ्यात सोपी गोष्ट आहे आणि मला सगळ्यात आवडणारीही.

१९३२ साली जॉर्ज वॉशिंग्टनच्या जन्माला दोनशे वर्षं झाली. त्यानिमित्त नवं नाणं काढायचं ठरलं आणि शिल्पकारांकडून नमुने मागवले गेले. चेहरा उदाँ या फ्रेंच शिल्पकाराने घडवलेल्या वॉशिंग्टनच्या अर्धपुतळ्यावरून घ्यायचा होता. सरकारच्या ललित कला आयोगाची पसंती लॉरा गार्डिन फ्रेझर या शिल्पकार बाईंच्या नमुन्याला होती. आयोगाने ती कळवली, फेरविचारानंतर पुन्हा कळवली. पण शेवटचा शब्द अर्थमंत्र्यांचा. अँड्र्यू मेलन यांनी जॉन फ्लॅनगन यांचा नमुना निवडला आणि त्यांच्या जागी आलेल्या ऑग्डन मिल्स यांनीही तो निर्णय फिरवला नाही. फ्लॅनगन यांचा वॉशिंग्टन डावीकडे पाहतो. खरं तर ते नाणं जन्मद्विशताब्दीपुरतं होतं, पण ते टिकलं आणि थोड्याफार फेरफारांसह २०२१ पर्यंत चाललं.

फ्रेझर बाई १९६६ मध्ये गेल्या. त्यांचा उजवीकडे पाहणारा वॉशिंग्टन १९९९ मध्ये पाच डॉलरच्या एका सोन्याच्या स्मारक नाण्यावर आला, पण लोकांच्या खिशात पोचायला २०२२ साल उजाडलं. त्या वर्षी अमेरिकी स्त्रियांवरची क्वार्टरची मालिका सुरू झाली आणि तिच्या पुढच्या बाजूसाठी नव्वद वर्षांपूर्वी मागे पडलेला हा चेहरा मुद्दाम काढला गेला. तेव्हा तुमच्याकडचे उजवीकडे पाहणारे वॉशिंग्टन २०२२ ते २०२५ मधले आहेत. ते चुकीचे छापलेले नाहीत आणि दुर्मीळही नाहीत. माझं मत विचाराल तर फ्रेझर बाईंचं काम सरस आहे. फ्लॅनगनचा वॉशिंग्टन सभ्य, गुळगुळीत आहे. हिच्या वॉशिंग्टनच्या जबड्याकडे बघून हा माणूस सेनापती होता हे पटतं. मुलीला दोन्ही शेजारी ठेवून दाखवा.

आता मागची बाजू. १९३२ ते १९९८ तिथे पंख पसरलेला गरुड आहे. अपवाद एकच: अमेरिकी स्वातंत्र्याला दोनशे वर्षं झाली तेव्हाचा ढोलवाला, जॅक आर यांच्या हातचा. त्या नाण्यावर १७७६-१९७६ अशी दोन सालं आहेत. ती १९७५ पासूनच पाडली जात होती, म्हणून १९७५ हे साल असलेला क्वार्टरच नाही. व्हिडिओंमध्ये हा ढोलवाला फार लाडका आहे. पण तो दीड अब्जाहून जास्त निघालेला आहे. बरणीतल्या वापरलेल्या ढोलवाल्याची किंमत पंचवीस सेंट.

१९९९ मध्ये पन्नास राज्यांची मालिका सुरू झाली. दरवर्षी पाच राज्यं, साधारण दहा आठवड्यांनी एक नवं नाणं, असं २००८ पर्यंत. क्रम वर्णानुक्रमे नाही आणि नकाशाप्रमाणेही नाही. ज्या क्रमाने राज्यांनी राज्यघटना मान्य केली किंवा ती संघराज्यात आली, त्या क्रमाने. म्हणून पहिलं डेलावेअर, शेवटचं हवाई. तुमच्या १७८७ चं कोडं इथेच सुटतं. या मालिकेत मागच्या बाजूला वर राज्याचं नाव आणि ते संघराज्यात आल्याचं साल असतं, आणि नाणं पाडल्याचं साल खाली. डेलावेअर, पेनसिल्व्हेनिया आणि न्यू जर्सी या तिन्हींवर वर १७८७ आहे. ‘अठराव्या शतकातलं अमेरिकन नाणं’ म्हणून असे क्वार्टर माझ्याकडे नेमाने येतात. पहिला क्वार्टरच मुळी १७९६ मध्ये निघाला, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

डेलावेअरवरचा घोडेस्वार म्हणजे सीझर रॉडनी. स्वातंत्र्याच्या बाजूने मत द्यायला तो १७७६ मध्ये रातोरात घोड्यावरून फिलाडेल्फियाला गेला. न्यू जर्सीवर होडीतून डेलावेअर नदी ओलांडणारा वॉशिंग्टन आहे. म्हणजे या नाण्यावर वॉशिंग्टन दोन्ही बाजूंना आहे आणि ते कायद्यात बसतं, कारण या मालिकेच्या कायद्यात मागच्या बाजूला कुणाचंही डोकं-खांद्यांचं चित्र घालायला बंदी होती, अख्खी माणसं चालत होती. पुढे डोकं आणि मागेही डोकं झालं तर छापा-काटा करणाऱ्यांनी करायचं काय? जिवंत माणसाचं चित्र तर कुठल्याच रूपात नाही. म्हणून इलिनॉयवर तरुण लिंकन उभा आहे आणि अलाबामावर हेलन केलर खुर्चीत बसलेली आहे. केलरच्या नाण्यावर तिचं नाव ब्रेललिपीतही आहे. अमेरिकेच्या चलनी नाण्यावर ब्रेल आलं ते तेव्हा, २००३ मध्ये, पहिल्यांदा.

या पन्नास चित्रांचा दर्जा सारखा नाही, हे मी स्पष्ट सांगतो. नाण्याचा व्यास २४.२६ मिलिमीटर. त्यात राज्याने आपल्या सगळ्या अभिमानाच्या गोष्टी कोंबल्या की लग्नाच्या रुखवतासारखं होतं, नजर कुठे ठरत नाही. साउथ कॅरोलायना बघा: राज्याची सीमारेषा, ताडाचं झाड, पक्षी, फुलांची वेल. आर्कान्सावर भात, हिरा आणि बदक. याउलट कनेक्टिकटवर फक्त एक ओकचं झाड, फांद्या कडेपर्यंत पसरलेल्या. वसाहतीची सनद राजाच्या माणसांच्या हाती लागू नये म्हणून १६८७ मध्ये या झाडाच्या ढोलीत लपवली गेली, अशी कथा आहे. ती माहीत नसली तरी चित्र उभं राहतं. मालिकेतलं मला हे सगळ्यात उत्तम वाटतं. न्यू हॅम्पशायरवर डोंगरकड्यातून माणसाच्या चेहऱ्यासारखी बाहेर आलेली शिळा आहे, तिला तिकडे ‘डोंगरातला म्हातारा’ म्हणायचे. नाणं निघालं २००० मध्ये, आणि मे २००३ मध्ये तो कडाच कोसळला. आता तो चेहरा बघायचा तर नाण्यावर किंवा जुन्या फोटोत.

तुमच्या मुलीची गाय विस्कॉन्सिनची, २००४. गाय, चीजचं चाक आणि मक्याचं कणीस. हे नाणं बाजूला काढा आणि भिंगाखाली धरा. डेनव्हरच्या टांकसाळीतल्या काही नाण्यांवर कणसाच्या डाव्या बाजूला, चीजच्या वर, एक जादा पान आहे. दोन प्रकार आहेत: एकात पान वर वळलेलं, दुसऱ्यात खाली झुकलेलं. नाणं ज्याने पाडतात त्या ठशावरच ती जादा रेघ उमटलेली होती. याला अमेरिकेत आजही दर्शनी किमतीच्या कित्येक पट पैसे देणारे गिऱ्हाईक आहे. बरणीत तो निघण्याची शक्यता कमी, पण गाय आहेच तर बघायला काय जातं.

मिनेसोटा २००५ मध्ये असंच जादा झाडाचं प्रकरण आहे. कॅन्ससच्या काही नाण्यांवर देवावर विश्वास असल्याच्या ब्रीदवाक्यातल्या शेवटच्या शब्दाचं पहिलं अक्षर उमटलेलं नाही, त्यामुळे ‘ट्रस्ट’चं ‘रस्ट’ (गंज) होतं आणि ‘देवावर आम्ही गंजतो’ असं काहीसं विनोदी वाक्य तयार होतं. ठशाच्या खाचेत ग्रीस भरलं की धातू तिथे चढत नाही, एवढंच त्यामागचं कारण. हे गमतीचे दोष आहेत. त्यांना थोडेफार पैसे मिळतात, लाखो नव्हे.

राज्यांनंतर २००९ मध्ये राजधानी आणि पाच बेटं-प्रदेशांची सहा नाणी निघाली. पियानोजवळचा जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टन त्यातला, राजधानीच्या नाण्यावरचा. मग २०१० ते २०२१ राष्ट्रीय उद्यानं आणि ऐतिहासिक स्थळं, एकूण छप्पन्न. तुमचं वटवाघूळ या मालिकेतलं: अमेरिकन सामोआ, २०२०, फळं खाणारी वटवाघळाची मादी आणि तिला बिलगलेलं पिल्लू. चलनी नाण्यावर असं चित्र घालायला हिंमत लागते. मला ते आवडतं, आमच्या घरी ते कुणालाच आवडत नाही.

आणि हे वटवाघूळ नीट तपासा. समोर वॉशिंग्टनच्या मानेमागे, केसांच्या रिबिनीच्या उजवीकडे, एक छोटं इंग्रजी अक्षर असतं. आपल्या नाण्यांवर सालाखाली मुंबईचा चौकट, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका असतो, तसलाच हा प्रकार. ‘पी’ म्हणजे फिलाडेल्फिया, ‘डी’ म्हणजे डेनव्हर. हे दोन सगळीकडे सापडतात. ‘एस’ म्हणजे सॅन फ्रान्सिस्को. तिथली अलीकडची नाणी संग्राहकांना संचात विकली जातात, सुट्ट्यात क्वचित येतात. आणि ‘डब्ल्यू’ म्हणजे वेस्ट पॉइंट. २०१९ आणि २०२० या दोनच वर्षी वेस्ट पॉइंटने प्रत्येक चित्राचे वीस लाख क्वार्टर पाडून सरळ व्यवहारात सोडले, लोकांनी शोधावेत म्हणून. इतर दोन टांकसाळी एकेका चित्राचे कोट्यवधी पाडतात, त्या मानाने वीस लाख म्हणजे मूठभर. म्हणून २०१९ आणि २०२० ची सगळी नाणी मानेमागे भिंग लावून बघायची. ‘डब्ल्यू’ दिसला तर ते नाणं कडेने उचलायचं आणि वेगळ्या पाकिटात घालायचं. चित्र तेच, फरक त्या एका अक्षराचा.

बायकांची मालिका २०२२ ते २०२५, दरवर्षी पाच. पहिल्या वर्षी कवयित्री माया अँजेलू, अंतराळवीर सॅली राइड, अभिनेत्री ॲना मे वाँग वगैरे. पुढे वैमानिक बेसी कोलमन, शेवटच्या वर्षी खगोलशास्त्रज्ञ व्हेरा रुबिन आणि टेनिसपटू अल्थिया गिब्सन. निवडलेली व्यक्ती हयात नसावी ही अट इथेही होती. ही नाणी बाजारात भरपूर आहेत. मुलीसाठी मात्र बरणीतला हा सगळ्यात चांगला ऐवज, कारण एकेक नाणं उचलून ‘ही कोण?’ असं विचारता येतं आणि उत्तर शोधता येतं.

आता ‘उलटी छापलेली’ नाणी. तुम्ही नाणं डावीकडून उजवीकडे, पान उलटावं तसं, फिरवलं असणार. आपलं रुपयाचं नाणं तसं फिरवलं तर मागचं चित्र सरळच राहतं, कारण त्याच्या दोन्ही बाजूंचं ‘वर’ एकाच दिशेला असतं. अमेरिकेत नाण्याच्या एका बाजूचं ‘वर’ म्हणजे दुसऱ्या बाजूचं ‘खाली’. तिथलं नाणं वरून खाली फिरवायचं, मग चित्र सरळ दिसतं. क्वार्टर, डाइम (दहा सेंट), निकेल (पाच सेंट), सेंट ही सगळी नाणी अशीच. हा दोष नाही, पद्धत आहे. वरून खाली फिरवूनही एखाद्याचं चित्र तिरकं किंवा उलटं आलं, तर मात्र ते खरोखर ठसा फिरलेलं नाणं असू शकेल. ते बाजूला काढा.

किंमतीचा प्रश्न. मी बरणी ओतल्यावर चित्राकडे बघतच नाही, आधी कड बघतो. दहा-पंधरा नाण्यांची चवड लावा, दोन बोटांत धरा आणि बाजूने उजेडात पाहा. १९६५ पासूनच्या नाण्यांच्या कडेत तांबूस पट्टा दिसेल, कारण ती आत शुद्ध तांबं आणि वरखाली तांबं-निकेलच्या मिश्रधातूचे पत्रे अशी जोडलेली असतात. चांदी महागली म्हणून हा बदल झाला. नाणं टाकून चालणाऱ्या यंत्रांना फरक कळू नये, असाच मिश्रधातू तेव्हा निवडला गेला. चवडीत एखाद्याची कड पूर्ण पांढरी दिसली तर थांबा. १९६४ पर्यंतचे क्वार्टर ९० टक्के चांदीचे आहेत. वजन ६.२५ ग्रॅम, त्यात ५.६२५ ग्रॅम चांदी. नंतरच्याचं वजन ५.६७ ग्रॅम. सोनाराच्या काट्यावर हा फरक लगेच कळतो. अशा नाण्याला त्या दिवशीच्या चांदीच्या भावाइतकी किंमत कुठेही आहे, मागचा गरुड झिजलेला असला तरी.

चांदीच्यांत १९३२ चं निघालं तर मागच्या बाजूला गरुडाच्या खाली असलेल्या फांद्यांखाली बघा. त्या काळी टांकसाळीचं अक्षर तिथे असायचं. १९३२ चा ‘डी’ ४,३६,८०० आणि ‘एस’ ४,०८,००० एवढेच निघाले, संग्राहक त्यांच्यासाठी खरंच मोठी रक्कम मोजतात. म्हणूनच इतर १९३२ च्या नाण्यांवर ते अक्षर मागाहून चिकटवण्याचे उद्योगही होतात. तसं काही सापडलं तर जाणकाराला दाखवल्याशिवाय आनंद करू नका आणि विकूही नका.

यापलीकडे मी ठाम आकडा देणार नाही, कारण तो तीन गोष्टींवर ठरतो: नाणं किती झिजलंय, चांदीचा भाव काय आहे, आणि तुम्ही ते कुठे विकताय. तिसरी गोष्ट लोक विसरतात. विस्कॉन्सिनच्या जादा पानाला अमेरिकेत जे मिळेल ते पुण्या-मुंबईत मिळणार नाही, कारण इथे ते शोधणारा माणूस कमी. सोन्याचा मुलामा दिलेले किंवा रंगवलेले क्वार्टर बरणीत असतील तर ते खाजगी विक्रेत्यांनी मागाहून केलेलं काम आहे. टांकसाळीने तसं काही काढलेलं नाही आणि संग्राहक त्यांना हात लावत नाहीत.

एक विनंती. नाणी चिंच, राख, पितांबरी किंवा टूथपेस्ट लावून चकचकीत करू नका. घासलेल्या नाण्यावर बारीक ओरखडे पडतात, ते भिंगात लगेच दिसतात आणि चांगल्या नाण्याची किंमत तिथेच निम्म्यावर येते. फारच मळकी असतील तर कोमट पाणी, साबणाचा एक थेंब, आणि टिपून कोरडी करायची. मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पाकिटांचे अल्बम टाळा. काही वर्षांनी त्यातून हिरवट चिकटा सुटतो आणि तो तांब्याला खातो.

मुलीसाठी मी असं करेन: अमेरिकेचा एक मोठा नकाशा आणा आणि प्रत्येक राज्याचं त्यातल्या त्यात स्वच्छ नाणं त्या-त्या राज्यावर ठेवायला सांगा. पन्नास पुरे झाले नाहीत तर राहिलेल्यांची यादी मेहुण्यांच्या तिकडच्या मित्रांना पाठवा, त्यांना ती सुट्ट्यातून जमवता येतील. पानवाली गाय, ‘डब्ल्यू’, पांढऱ्या कडेची आणि फिरलेल्या ठशाची नाणी वेगळी ठेवा. उरलेली इथे बँक किंवा पैसे बदलून देणारे सहसा घेत नाहीत. पण कुणाचा मुलगा-मुलगी तिकडे शिकायला निघाली असेल तर त्यांच्या हाती द्या. बऱ्याच इमारतींतली कपडे धुण्याची यंत्रं अजून क्वार्टरवर चालतात आणि पहिल्या आठवड्यात सुट्टे कुणाकडेच नसतात.